दिगू, तुला पट्टीखालून दिसत होतं

दिगू, काल मंडळानं तुझ्यासाठी शोकसभा घेतली. तुझा फोटो तुझ्याच स्टुडिओतून आणला होता. सगळे चांगलं बोलले. तू किती हसवायचास, गणपतीत फुकट कार्यक्रम कसे करायचास, परभणीत हौशी जादूगारांचं मंडळ तुझ्यामुळं कसं उभं राहिलं. मलाही बोलायला सांगितलं. मी बसूनच हात जोडले. लोकांना वाटलं, मुरली टेलरचा कंठ दाटून आला. तसं काही नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते फक्त तुझ्याशी बोलायचं होतं, आणि ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं.

आधी तुझं देणं सांगतो, कारण ते नाकारलं तर मीच खोटा ठरेन.

शाळेत मी तोतरा होतो. हजेरी घेताना माझं नाव आलं की वर्ग आधीच हसायला लागायचा. 'हजर' म्हणायला मला इतका वेळ लागायचा की मास्तर पुढचं नाव घेऊन मोकळे व्हायचे. तू एकटाच असा होतास की माझं वाक्य कधी पुरं केलं नाहीस. शब्द अडला की तू निवांत उभा राहायचास, इकडंतिकडं बघायचास, आणि म्हणायचास, "घाई न्हाई आपल्याला. बोल तू." मग तूच मला तीन रुमालांची जादू शिकवलीस आणि तिच्यासोबत म्हणायचं बोलणंही लिहून दिलंस. "हे पाठ कर मुरल्या. पाठ केलेलं अडत न्हाई." आणि खरंच अडलं नाही. पहिल्यांदा चारचौघांत सलग बोललो तो तुझ्या शब्दांत बोललो. पुढं दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना, सुलभाला बघायला गेलो तेव्हा, मी मनातल्या मनात तुझाच आवाज काढून बोलत होतो. ती मला हो म्हणाली त्यात तुझा वाटा होता.

दुसरं देणं नितीनचं.

आम्हाला मूल होत नव्हतं. तेव्हा मी पाथरीला दुकान टाकून बघत होतो. एका दुपारी तू आलास, सुलभाकडं पाणी मागितलंस आणि म्हणालास, "कमल अडचणीत हाय." कमल तुझी धाकटी बहीण. लग्न झालेलं नव्हतं. तिला लांब, तुमच्या मावशीकडं ठेवलं होतं, दिवस भरत आले होते. तू म्हणालास, "पोर झालं की तुमी घ्या. तिचं लग्न लावून देतो मी. पण मुरल्या, शब्द दे. हे कुणालाच कळायचं न्हाई. पोराला तर कधीच न्हाई." सुलभानं देवापुढं हात ठेवून शब्द दिला. मी तुझ्या हातात हात देऊन दिला. पाथरीहून आम्ही परत आलो ते बाळ घेऊनच आलो, म्हणून परभणीत कुणी काही विचारलं नाही. कमलचं लग्न जिंतूरकडच्या एका गावात झालं. लग्नातले कपडे मीच शिवले होते.

सुलभा दरवर्षी भाऊबीजेला तुला ओवाळायची. त्यामुळं नितीन तुला मामा म्हणायचा, आणि ते कुणाला खटकायचं नाही. तू त्याला खांद्यावर बसवून मंडळात न्यायचास. पत्ते धरायला शिकवलंस, नाणं लपवायला शिकवलंस. माझ्या डोळ्यांदेखत तो तुझा शिष्य झाला आणि मला त्याचं सुख होतं. दिगू, खरंच सुख होतं. मला रुमालांच्या पुढं काही जमलं नाही. तुझ्यामुळं माझ्या पोराला जमायलंय, असं मी सगळ्यांना सांगायचो.

मग ती दिवाळी आली.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी मंडळाचा फराळाचा कार्यक्रम असायचा. त्या वर्षी वसमत रोडवरचं मंगल कार्यालय घेतलं होतं. दारात रांगोळी, वर आकाशकंदील, बायकांनी घरून आणलेले चिवडा, अनारसे, करंज्या. ऊन उतरायच्या आत लोक जमले. आधी फराळ, मग प्रत्येकानं एक एक जादू करायची, शेवटी तुझी. हा क्रम तूच लावलेला होता. शेवटची जादू कायम तुझी.

नितीनची पाळी आली. त्यानं मंचावर पणत्या मांडल्या, एकच पेटवली. दिव्याची ज्योत बोटांत उचलायची जादू तू आयुष्यभर केलीस, पण तू एकच ज्योत उचलायचास आणि विझवायचास. नितीननं ती उचलली आणि दुसऱ्या पणतीवर ठेवली. पहिली विझली, दुसरी पेटली. मग तिसरी. तो बोलत नव्हता, संगीत नव्हतं, काही नव्हतं. हॉलमधली पोरंसोरंसुद्धा दंगा सोडून बघायला लागली. शेवटची ज्योत बोटांवर घेऊन तो मंचावरून खाली उतरला, चालत सुलभापाशी आला आणि तिच्या पुढ्यातल्या पणतीवर ती ठेवली.

लोक उभे राहिले. तुझ्यासाठी ते कधी उभे राहिले नव्हते, दिगू. टाळ्या वाजवायचे, हसायचे, पण बसून. मी तुझ्याकडं पाहिलं. तूही उभा होतास, टाळ्याही वाजवत होतास. तेवढ्यात आपले अध्यक्ष, गंगाधर सर, माइकवरून म्हणाले, "बापाचे हात घेतलेत पोरानं!" आणि माझ्याकडं बोट दाखवलं. मी लाजून हसलो. तुझ्या टाळ्या तेव्हा थांबल्या. हे मला नंतर आठवलं. त्या वेळी नुसतं दिसलं होतं.

तुझी पाळी आली. मन वाचायची जादू. डोळ्यांवर कणकेचे गोळे, वरून काळी पट्टी. पट्टी गंगाधर सरांनी बांधली. तू म्हणालास, "आज मन वाचायचं तर नितीनचंच." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. नितीन हसत पुढं आला आणि मंचाच्या पायरीवर उभा राहिला.

"आईचं नाव मनात धर."

हॉल हसला. सुलभाचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं.

"धरलंस?"

"धरलं मामा."

तू हात पुढं करून बोटं हलवत राहिलास. "मला सुलभा दिसंना गेलंय. वेगळंच नाव दिसायलंय."

लोक अजून हसले. तुझी ही पद्धतच होती, आधी चुकायचं, मग बरोबर यायचं. मी पण हसलो. सुलभा तर तोंडाला पदर लावून हसत होती.

मग तू म्हणालास, "ज्या बाईनं तुला जन्म दिला, ती या हॉलमध्ये न्हाई."

मागं कुणाला नीट ऐकू गेलं नसावं, तिथून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. पुढचे लोक थांबले. नितीनच्या तोंडावरचं हसू तसंच होतं. त्याला वाटलं, यातून काहीतरी निघणार आहे. तो तुझ्या जादूत नेहमी साथ द्यायचा तसाच म्हणाला, "मग कुठं हाय मामा?"

"ते तुझ्या बापाला विचार. त्याला ठाऊक हाय."

नितीननं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुष्कळ वर्षांनी तो अडथळा तसाच, तिथंच, घशात येऊन बसला. मी जर हसलो असतो, "काय भंकस करायलास दिग्या" म्हणालो असतो, तर तो प्रसंग कदाचित तिथंच विरला असता. पण मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो आणि माझ्या पोरानं माझ्या तोंडावर सगळं वाचलं. त्या संध्याकाळी मन वाचलं ते त्यानं.

कणकेचे गोळे डोळ्यांवर असले तरी नाकाच्या कडेनं खाली दिसतं, हे मला तूच सांगितलं होतंस. तू मंचाच्या कडेला होतास, पोरगं एक पायरी खाली. तुला पट्टीखालून दिसत होतं. पहिल्या वाक्याला हसणारा त्याचा चेहरा तुला दिसला, दुसऱ्याला तो कसा झाला तेही दिसलं. तू अडखळला नाहीस. पट्टी सोडलीस, वाकून नमस्कार केलास.

सुलभा काय करत होती ते तू पाहिलं नसशील. ती उठली आणि फराळाच्या कागदी प्लेटा गोळा करायला लागली. रिकाम्या एकात एक घालत पुढं सरकत होती. ज्यांचं खाणं चालू होतं त्यांच्याही हातातल्या प्लेटा तिनं घेतल्या. लोक देत गेले. सगळ्या प्लेटा घेऊन ती बाहेर गेली आणि घरी चालत निघाली, एवढ्या लांब, पायात चप्पल न घालता.

घरी नितीननं विचारलं. सुलभानं खरं सांगितलं, नाव सोडून. नाव सांगायचं नाही हा तुला दिलेला शब्द होता, आणि ती बाई तो पाळत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या स्टुडिओत आलो. तू कॅमेऱ्याची काच पुसत होतास. मी म्हणालो, "शब्द तू घेतला होतास."

"व्हय, घेतला होता."

"मग कामून?"

तू काच पुसायचं थांबवलं नाहीस. "बापाचे हात म्हणे! मुरल्या, तुला रुमालाची गाठ धड मारता येत न्हाई. ते हात माझ्या बापाचे, अण्णांचे हायत. माझे हायत. पोरगं घडवलं मी, अन् हॉल तुझ्याकडं बघून टाळ्या वाजवायला."

"अरे, पण त्याच्या आ..., त्याच्या आईला का..., सु..., सु..."

तू थांबशील असं मला वाटलं. लहानपणापासून थांबत आलास. पण तू म्हणालास, "सुलभाला वाईट वाटलं, हेच ना? वाटणारच. दुसऱ्याचं ठेवून घेतलं की कधीतरी वाटणारच." माझं वाक्य ते नव्हतंच. मला म्हणायचं होतं, सुलभानं चार दिवसांपूर्वी तुला ओवाळलं होतं, दिगू. ते वाक्य तुझ्यापुढं तेव्हा पुरं झालं नाही, ते आज करतोय.

एवढ्यावर तू थांबला असतास तरी बरं झालं असतं. पण तुला मामा म्हणून मिरवायचं होतं. दोनच आठवड्यांत तू नितीनला कमलचं नाव आणि गाव सांगितलंस. आम्हाला न सांगता तो एसटीनं जिंतूरला गेला, तिथून जीपनं तिच्या गावात. घर सापडलं. नवरा ओट्यावर बसलेला. कमल दारात आली, तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि, हे नितीननं पुढं कधीतरी सुलभाला सांगितलं, तिनं ओळखलं. ओळखून म्हणाली, "आमाला काई घ्यायचं न्हाई. दुसरीकडं बघा." त्याच्या पाठीवर बॅग होती, तिनं त्याला विकणारा ठरवलं. त्यानं पाणी मागितलं. ती आत गेली आणि पाणी घेऊन तिची मुलगी आली. नितीन परत येऊन सुलभाला एवढंच म्हणाला, "आई, ती पोरगी माझ्यासारखी दिसती." मग तो जेवला नाही.

आणि तू त्याच दिवशी संध्याकाळी कमलला फोन लावलास. त्या घरात एकच फोन, कायम स्पीकरवर. "आला होता का गं तुझा लेक? कसा दिसतो? आपल्या अण्णांसारखाच ना?" सासू, नवरा, दीर, सगळ्यांनी ऐकलं. तुझ्या बहिणीनं पोटातलं दुःख गाडून उभा केलेला संसार तू एका फोनवर उघडा केलास. तिला त्या घरात पुढं काय सोसावं लागलं ते मला पुरतं ठाऊक नाही. तिचं माहेर बंद झालं, एवढं सगळ्यांना माहीत आहे. तू दरवर्षी राखीची वाट बघायचास असं स्टुडिओतला पोऱ्या सांगायचा. मला ऐकून वाईट वाटलं नाही.

नितीन पुण्याकडं कंपनीत लागला. जादू सोडली. घरातल्या सगळ्या वस्तू, पेट्या, पत्ते, त्यानं एका दुपारी मंडळाला देऊन टाकल्या. आईशी फोनवर बोलायचा. माझ्याशी बोलताना त्यानं 'पप्पा' हा शब्द काढून टाकला. "त्यांना सांग," "त्यांनी गोळ्या घेतल्या का," असं. तुझ्यावर राग धरला तसा माझ्यावरही धरला, आणि मला वाटतं माझ्यावर जास्त. तू फोडलंस, पण लपवलं आम्ही, असं त्याचं म्हणणं. मी त्याला कसं सांगू, की ते लपवणं ही तुझी अट होती? सांगितलं एकदा. तो म्हणाला, "मग तुमी ऐकली कामून?"

तुझी आणि माझी गाठ शेवटची पडली ती या दिवाळीच्या आधी. तू दुकानात आलास. मंचावर घालायचा काळा कोट ढगळ व्हायला लागला होता, तो शिवून आत घ्यायला आणला होतास; तू वाळला होतास. एवढ्या वर्षांत न बोललेला माणूस माझ्यासमोर हात पसरून उभा राहिला आणि मी टेप घेऊन तुझं माप घेतलं. छाती, कंबर, बाही. तुझा श्वास माझ्या कानाशी लागत होता. तू म्हणालास, "नितीनला एकदा सांग, मामानं बोलावलंय."

मी मापं लिहिता लिहिता विचारलं, "कोण नितीन?"

तू हसलास. मग माझ्याकडं बघून हसायचा थांबलास. तुझे डोळे भरून आले, दिगू, ते मी पाहिलं. मी टेप गुंडाळून ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. तुझ्या मनात आणखी काय होतं ते मला कधीच कळणार नाही. कदाचित तू माफी मागायला आला होतास. कदाचित नव्हतास, कारण 'चुकलं' हा शब्द मी तुझ्या तोंडून कधी ऐकलेला नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी दोन्ही बाजूंनी तुझं भांडण लढतो. बहुतेक वेळा तूच जिंकतोस, बोलण्यात तू चांगला होतास.

दिवाळी झाली आणि पुढच्याच महिन्यात तू गेलास. एका मुलाचा पासपोर्टचा फोटो काढताना खाली बसलास तो उठला नाहीस. मला कळलं तेव्हा मी बाही लावत होतो. सुई बोटात गेली. त्याक्षणी डोळ्यांसमोर आलं ते शाळेचं मैदान आणि तू, निवांत उभा, "घाई न्हाई आपल्याला." मी दुकानाचं शटर ओढून आत बसून रडलो. हे तुझं तुला देतो. घे.

मग कमलला फोन मीच केला. दुसरं कोण करणार होतं? तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मुरलीदादा, मी येत न्हाई. तुमी लाकडं नीट वाळलेली बघा. अर्धवट ऱ्हायला नको." आणि फोन ठेवला.

मंडळाचे लोक कोट न्यायला आले. मी तो आत घेतला नव्हता. मापं लिहून तसाच टांगून ठेवला होता. तिरडीवर पांढऱ्या कापडावर त्यांनी तो पांघरला, मोठ्या माणसाचा कोट लहान पोरावर टाकावा तसा.

मी नितीनला कळवलं नव्हतं. सुलभानं कळवलं. तो सकाळच्या गाडीनं आला आणि थेट स्मशानात आला. लांब, लिंबाखाली उभा राहिला. तुला लेक नव्हता, अग्नी तुझ्या पुतण्यानं दिला. चिता पेटल्यावर ताडकळसहून आलेले तुझ्या भावकीतले एक म्हातारे हळूहळू नितीनपाशी गेले. त्यांची नजर त्याच्या तोंडावरून हलेना. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "तू कुणाचा रे, बाबा? आमच्याच घरातला दिसतूस."

मंडळाचे सगळे तिथं होते. त्या दिवाळीला हॉलमध्ये होते तेच. गंगाधर सर खाली बघायला लागले. नितीननं एकदा तुझ्या चितेकडं पाहिलं.

"न्हाई आजोबा," तो म्हणाला. "मी मुरलीधर टेलरचा."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि ते बाजूला झाले.

दिगू, तू जळत होतास आणि मी आनंदात होतो. माझे डोळे वाहत होते, गंगाधर सरांनी पाठीवर हात ठेवला, "जिवाचा दोस्त गेला तुझा," म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण त्या घडीला मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. नितीननं माझी मोटारसायकल सुरू केली, माझ्याकडं न बघता मागच्या सीटवरची राख हातानं झटकली आणि म्हणाला, "बसा. आई वाट बघायली आसंल." मी बसलो. स्मशानातून निघताना मागं वळून बघायचं नसतं म्हणतात. मला ते जड गेलं नाही.